आबांच्या घागरीत नऊ मिलिलिटर

लिंबाचा वास हवा असेल तर लिंबूच पाहिजे, हा लताबाईंच्या मते शुद्ध अडाणीपणा होता!

"वास लिंबात नसतो, सिट्रलमध्ये असतो," असं त्या शाळेत आठवीच्या वर्गाला सांगत आणि घरी येऊन तेच नवऱ्याला सांगत. वर्गात निदान चाळीस जण माना डोलवायचे. घरी एकटे रुपचंदराव, आणि त्यांची मान डोलायची ती डुलकीमुळे.

पण लताबाई नुसत्या बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. धुळ्याला देवपुरात त्यांचं घर होतं दोन खोल्यांचं, पण मागचं अंगण चांगलं ऐसपैस. त्या अंगणात त्यांनी सव्वा मीटर बाय तीन मीटरचा एक वाफा केला होता, टेप लावून मोजलेला. त्यात गवती चहाची पाच ठोंबं, जळगावच्या माहेराहून बी आणून लावलेली लिंबाच्या वासाची तुळस, आणि कडेला एक खरंखुरं लिंबाचं रोप. त्या रोपाला सात वर्षांत एकही लिंबू लागलं नव्हतं, पण पाना-पानाला वास होता, आणि लताबाईंचं म्हणणं सिद्ध करायला तेवढा पुरावा पुरत होता.

त्या वाफ्यातलं काय काय कुठे कुठे जाई! चहात तर जाईच. पण वरणाच्या फोडणीत, आंघोळीच्या पाण्यात, कपड्यांच्या घडीत, डासांसाठी खिडकीच्या गजांना बांधून... रुपचंदराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते कचेरीत शिरले की शिपाई नाक वर करून म्हणायचा, "भाऊ आलेत वाटतं! सरबत करू का?"

तर अशा या घरात १९८८ सालच्या आखाजीला जे घडलं, त्याची ही हकिकत.

खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणींचे झोके, पुरणपोळी, आमरस हे सगळं आहेच, पण त्याआधी पितरांची घागर. कुंभाराकडून कोरी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून गेलेल्या माणसाला नावाने हाक मारायची. तो येतो, पाणी पितो आणि तृप्त होऊन जातो. लताबाईंचे सासरे झुलाल आबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची घागर गेल्या वर्षी भडगावजवळच्या त्यांच्या गावी, गिरणाकाठच्या घरात भरली होती. यंदा मात्र सासूबाई धुळ्याला होत्या.

सासूबाईंचं नाव भिकुबाई, पण सगळे त्यांना अक्का म्हणत. दिवाळीनंतर अक्का गावच्या अंगणात घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. चार तास कुणाला कळलंच नाही, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्या देवपुरात. हात केव्हाच बरा झाला होता. आता त्यांचं एकच पालुपद चाललं होतं.

"आखाजी झाई का मी चालनी मना घर!"

हे ऐकलं की लताबाईंना ते चार तास आठवायचे. पुन्हा एकटी बाई, पुन्हा तेच शेवाळलेलं अंगण! आणि दुसरं एक कारण होतं, जे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. शाळेतून आल्यावर कुलूप उघडायची त्यांची पंधरा वर्षांची सवय गेल्या सहा महिन्यांत मोडली होती. दार उघडं असायचं. आतून आवाज यायचा, "उनी का? चहा ठेवू?" आणि चहात गवती चहाची पात बरोबर वीतभर असायची. मोजून पाहिली होती त्यांनी.

"तुम्ही त्यांना राहा म्हणा ना," त्या नवऱ्याला म्हणायच्या.

"म्हणायचं काय त्यात? आई आहे माझी. राहीलच!" असं म्हणून रुपचंदराव पेपरात तोंड घालायचे.

आखाजीला पाच दिवस उरले तेव्हा अक्कांनी पेच टाकला. "आबास्नी घागर आठे कशी भरानी? त्यासले पत्ता सापडी का?"

"इथे भरली तर काय? पितरांना पत्ता लागतो, अक्का?" लताबाईंनी विचारलं.

"त्या जित्ता व्हतात तवय त्यासले देवपूर सापडनं नही! आते कसं सापडी?"

हे मात्र खरं होतं. १९७९ साली झुलाल आबा भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन धुळ्याला आले होते. बस स्टँडवर उतरले आणि चार तास बेपत्ता! पांझरा नदीचा पूल त्यांनी तीनदा ओलांडला. शेवटी सापडले ते भलत्याच गल्लीत, भलत्याच रुपचंदाच्या ओट्यावर. तिथे दोन कप चहा पिऊन, 'चहामा पात नही' म्हणून त्या घरच्या सुनेला चार शब्द सुनावून, शेंगांचं पोतंही तिथेच सोडून आले होते!

अक्कांनी निकाल दिला. "आबा आठे उनात ते मी ऱ्हासू. नही उनात ते दुसरा दिन माले भडगाव गाडीवर बसाडी दे."

"आणि ते आले हे कळणार कसं?"

"माले कळी! पन्नास वरीस संसार करा मी त्यासनासंगे."

अट पडली. दुसऱ्या कुणाला ती गंमत वाटली असती. लताबाईंनी ती गणितासारखी मांडली. दिलेलं: एक पितर, वाटा चुकणारा. काढायचं: पत्ता. आणि उत्तर तर वाफ्यातच उभं होतं! गवती चहाची ती ठोंबं आबांनीच स्वतःच्या शेताच्या बांधावरून खणून दिली होती. माणूस रस्ता विसरेल, गल्ली विसरेल, स्वतःच्या मुलाचं घर विसरेल, पण आपल्या चहाचा वास विसरेल का? घागरीलाच तो वास दिला तर?

पितरांवर लताबाईंचा विश्वास नव्हता. अक्कांच्या नाकावर मात्र होता. घागरीतून बांधावरचा वास आला की अक्का म्हणतील, आले! एवढंच हवं होतं.

"घागरमा चार पाती टाकी दे," अक्का म्हणाल्या होत्या.

चार पाती! एप्रिलच्या उन्हात पात दुपारपर्यंत सुकून चटई होते. लताबाईंनी ठरवलं, तेल काढायचं. शास्त्रशुद्ध!

पुढचे दोन दिवस स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. पाच ठोंबांपैकी चार मुळापासून वर सपाट कापली. कुकरची शिट्टी काढून तिथे शाळेच्या प्रयोगशाळेतली रबरी नळी बसवली, ती पुढे तांब्याच्या नळीला जोडली, तांब्याची नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि तिच्या टोकाला काचेची बरणी. चार खेपा झाल्या. तीन लिटर रॉकेल संपलं. पाण्यावर पिवळट तेलाचा थर तरंगला तो त्यांनी ड्रॉपरने उचलून कानातल्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरला आणि उजेडात धरून मोजला. नऊ मिलिलिटर!

वास म्हणाल तर गल्लीच्या तोंडाशी सायकलवाले थांबून इकडेतिकडे पाहायचे. स्टोव्हजवळ उभ्या असलेल्या लताबाईंना वाटलं, आबाच काय, आबांचे आबाही येतील!

"एका घागरीला किती?" रुपचंदरावांनी नाक धरून विचारलं.

"काडीच्या टोकाला लागेल तेवढं. अर्धा थेंब. जास्त झालं तर पाणी कडू होईल," लताबाई म्हणाल्या, आणि मापात चुकणाऱ्या जगाची कीव आल्यासारखं हसल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, त्यांनी कोरी घागर ओट्यावर ठेवली. डाव्या हातात उघडी बाटली, उजव्या हातात आगकाडी. काडी बाटलीत बुडवली. श्वास रोखला. बरोबर त्याच क्षणी भिंतीपलीकडून शेजारच्या पुष्पाबाई अशा किंचाळल्या की जणू पांझरेला पूर आला!

"अहो लताबाई! माशा! माझ्या शेवग्यावर माशा!"

काडी हातात राहिली. बाटली सुटली. घागरीच्या गळ्यातून ती आत गेली, ती सुद्धा तोंड खाली करून, आणि आतून आवाज आला, बुड् बुड् बुड्.

लताबाईंनी बाटली बाहेर काढली तेव्हा ती रिकामी होती. घागर आतून कोरडी होती. मातीची ती कोरी भाजलेली घागर सगळं तेल पिऊन बसली होती, उन्हातून आलेल्या माणसाने ताक प्यावं तशी! सच्छिद्र पदार्थ हा धडा लताबाईंनी पंधरा वर्षं शिकवला होता. तो त्यांना त्या दिवशी समजला.

त्यांनी घागर धुतली, तीनदा. राखेने घासली. वास हटला नाही, उलट ओल्या मातीने तो दुप्पट झाला. शेवटी त्यांनी ती मागच्या अंगणात हौदाच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली, वाऱ्याला. मग पुष्पाबाईंच्या शेवग्याकडे पाहिलं. खालच्या फांदीला नारळाएवढा माशांचा घोस लोंबत होता, तपकिरी, हलता.

"सातेरी माशी आहे, पुष्पाबाई. आग्या नव्हे. थव्यातली माशी सहसा चावत नाही."

"सहसा?" पुष्पाबाईंनी दार लावून आतून विचारलं.

स्वयंपाकघरात अक्का घागरीविषयी काही बोलल्या नाहीत. फक्त नाक एकदा वर झालं, मग मागच्या दाराकडे वळलं, आणि त्या पुन्हा निमूट डाळ निवडायला लागल्या. लताबाईंना तेही नको वाटलं. बोलल्या असत्या तर बरं!

आखाजीची सकाळ. अंगणात आल्या तर घागर उभी नव्हती. कट्ट्यावर आडवी पडली होती, तोंड पूर्वेला, आणि गडगडू नये म्हणून खाली एक वीट लावलेली.

"मांजर!" लताबाई स्वतःशी म्हणाल्या आणि जवळ गेल्या. तोंडाशी सहा माशा घिरट्या घालत होत्या. एक आत जाई, बाहेर येई, दुसरी आत जाई. एखादं भाड्याचं घर पाहायला आलेल्या कुटुंबासारखा त्यांचा थाट होता. नळ आहे का, मोरी कुठे, शेजार कसा! लताबाईंना मौज वाटली. मौज वाटली, पण पुढचं सुचलं नाही.

घागर तर वापरता येणार नव्हती. रुपचंदरावांना त्यांनी सात वाजता दुसरी आणायला पिटाळलं. घरात पुरण शिजायला टाकलं, आणि तिथे नवीन संकट! कुकरने दोन दिवस गवती चहा शिजवला होता, तो ते विसरायला तयार नव्हता. पुरणाला लिंबाचा वास! भाताला लिंबाचा वास! तोंड भरून पुरणपोळी खावी आणि सरबत प्यायल्यासारखं वाटावं, असा उलटा प्रकार.

साडेनऊला रुपचंदराव घामाघूम होऊन परत आले. आखाजीच्या दिवशी कुंभाराकडे कोरी घागर मिळणं म्हणजे दिवाळीनंतर फटाके शोधणं! त्यांनी तीन कुंभारवाडे पालथे घातले आणि जे मिळालं ते छातीशी धरून आणलं. पितळी तोटी बसवलेला माठ!

अक्का तो माठ पाहतच राहिल्या.

"हाई काय शे?"

"माठ शे, अक्का. कोराच शे. फक्त तोटी शे त्याले."

"तोटी कसाले? आबा काय नळवर नंबर लावतीन का?"

"बूच मारीसन देस, अक्का! आधी धुई आनस," असं म्हणत रुपचंदराव माठ घेऊन मागच्या अंगणातल्या न्हाणीघराकडे निघाले.

ते अंगणाच्या मधोमध पोचले आणि शेवग्यावरचा घोस सुटला!

आधी एक घुंऽऽ झालं. मग आकाशाचा एक तुकडाच भिंतीवरून अलीकडे आला. हजारो माशा, गोल फिरत, भोवऱ्यासारख्या! गल्लीत धडाधड दारं लागली. गल्लीतल्या कडुलिंबाला बांधलेला झोका सोडून पोरी पळाल्या. रुपचंदरावांनी एकदा वर पाहिलं, माठ पोटाशी आवळला आणि ते न्हाणीघरात अदृश्य झाले. कडी लागल्याचा आवाज घरातपर्यंत आला.

लताबाई मागच्या दाराच्या जाळीशी उभ्या होत्या. थवा कट्ट्यावर उतरला. आणि मग, प्रार्थना संपल्यावर मुलं वर्गात जावीत तशा त्या माशा घागरीच्या तोंडातून ओळीने आत जाऊ लागल्या. तोंडाशी काही माशा शेपटं वर करून पंख फडफडवत उभ्या होत्या, मागच्यांना बोलवत.

आणि तेव्हा, तेल सांडल्यानंतर सोळा तासांनी, लताबाईंना बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान आठवलं. डाव्या बाजूचं, खालून तिसरा परिच्छेद. मधमाशी साथीदारांना 'इकडे या' असं सांगायला शेपटाजवळच्या ग्रंथीतून एक वास सोडते. त्या वासात काय असतं? सिट्रल आणि जेरॅनिऑल! गवती चहात काय असतं? तेच!

म्हणजे दोन दिवस त्या स्टोव्हपुढे बसून साऱ्या देवपुराच्या हवेत माशांच्या भाषेत ओरडत होत्या, "इकडे या! इकडे या!" शेवग्यावर थवा आला तो त्यामुळेच असणार. त्या थव्यामुळे पुष्पाबाई किंचाळल्या, किंचाळल्यामुळे बाटली पडली, आणि आता तो थवा घागरीत! लताबाईंनी कपाळावर हात मारला, हलकेच.

वीस मिनिटांत अंगण शांत झालं. घागरीतून फक्त एक घोगरा, लांबट आवाज येत होता. हूंऽऽ. हूंऽऽ.

मागून अक्का आल्या. हातात निखाऱ्यांचं पात्र, त्यात तुपाचा घास. आवाज ऐकून जागीच थांबल्या. मान कलती केली. चहाला उशीर झाला की झुलाल आबा ओट्यावर बसून नेमके असेच हुंकार द्यायचे. हूंऽऽ. हूंऽऽ.

"उनात व माय!" अक्का ओरडल्या. "उनात!"

आणि त्या सरळ घागरीपुढे जाऊन कंबरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"इतला येळ लागना? आंऽ? यंदा कितला घर फिरीसन उनात?"

हूंऽऽ, घागर म्हणाली.

"शेंगास्नं पोतं कोठे शे?"

पुष्पाबाईंनी भिंतीवरून हे पाहिलं, आणि मग काय विचारता! पाच मिनिटांत गल्लीत झालं की लताबाईंचे सासरे आले! बायका हळदकुंकू घेऊन हजर. कुणी सहा हातांवरून आमरसाची वाटी ढकलली. कुणी उदबत्ती लावली. तिच्या धुराने माशा आणखी शांत झाल्या, तर तोही आबांचा चांगुलपणा ठरला! कालपर्यंत दार लावून बसलेल्या पुष्पाबाई आता सगळ्यांत पुढे.

"आबा, आमचा भिकन यंदा दहावीला गणितात निघेल का हो?"

हूंऽऽ.

"हो म्हणाले!"

भिकनला गणित लताबाईंनीच शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना माशांपेक्षा जास्त खात्रीने माहीत होतं. त्या दाराच्या आत उभ्या होत्या आणि त्यांना घाम फुटला होता. गेल्याच महिन्यात त्यांनी शाळेत 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर पस्तीस मिनिटं भाषण केलं होतं! त्यांच्याच घागरीतल्या, त्यांच्याच तेलावर आलेल्या माशांपुढे आता उदबत्ती जळत होती.

गप्प बसावं? गप्प बसलं तर अक्का राहतात. अट पुरी झाली होती. स्वतःच्या तोंडाने 'उनात' म्हणाल्या होत्या! एक शब्दही न बोलता सगळं जमलं होतं.

पण मग रोज शाळेतून यायचं, दार उघडं असायचं, चहात वीतभर पात असायची, आणि प्रत्येक घोटाला आठवायचं की ही बाई एका खोट्यावर राहिली आहे! मोजमापात फसवणूक लताबाईंनी कधी केली नव्हती. प्रयोगाच्या वहीत उत्तर जुळवून लिहिणाऱ्या मुलाला त्या बाकावर उभं करत.

बायका पांगल्यावर त्यांनी अक्कांना स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं.

"अक्का, ते आबा नाहीत."

अक्का पोळी लाटत होत्या. हात थांबला नाही.

"माझ्या हातून बाटली पडली घागरीत. गवती चहाचं तेल. त्या वासाला माशा येतात. सिट्रल असतं त्यात, आणि जेरॅनिऑल. राणीमाशीला जागा हवी होती, घागर मिळाली. एवढंच झालंय. तुम्हाला उद्या जायचं असेल तर..." त्यांनी उगाच पिठाचा डबा सरळ केला. "तर मी गाडीवर बसवून देईन. पण खोटं नको."

अक्कांनी लाटणं खाली ठेवलं.

"मी काय येडी शे का?"

"म्हणजे?"

"माले काल सांजलेच वास उना. तू घागर उभी करी ठेवी व्हती. उभी घागरमा माशी कशी ऱ्हाई? पानी पडी तिनामा! मी सकायमा उठनू, आडवी करी, तोंड उगवतीले करं, ईट लावी."

"ते मांजराने..."

"मांजर ईट ठेवस का व? इतली शिकेल तू!"

लताबाई पाटावर बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा पाट वर आला.

"आबा दरसाल हाईच करेत," अक्का पुन्हा पोळी लाटू लागल्या. "जुनं मडकं, आतून चार पाती चोळानी, बांधवरनी बाभूयना बेचकामा आडवं ठेवानं. चार दिनमा माश्या घर करतस. चार पाती, लता! कुकर नही लागस."

लताबाईंच्या डोळ्यांपुढून ती रबरी नळी, तांब्याची नळी, बादली आणि सपाट कापलेली चार ठोंबं एकामागून एक गेली.

"मग 'उनात, उनात' का ओरडलात तुम्ही?"

पोळी तव्यावर पडली. अक्का तिच्याकडेच पाहत होत्या.

"मंग काय सांगू? माले आठे ऱ्हावानं शे, असं मीच मना तोंडे सांगू? सहा महिना व्हयनात. डॉक्टर इचारस, हात कसा शे. पुष्पा इचारस, गावले कवय जाशी. रुपचंद पेपर वाचस. 'अक्का, ऱ्हा' असं एकबी माणूस बोलनं का माले?" त्यांनी पोळी उलटली. "मंग आबास्लेच बलावनं पडनं."

 लताबाईंनी हिशेब केला. नऊ मिलिलिटर तेल, दोन दिवस, चार ठोंबं, एक तोटीचा माठ, आणि सबंध गल्लीपुढे झालेली शोभा. हे सगळं एका शब्दाऐवजी! तो शब्द दोन अक्षरी होता, आणि त्याला उपकरण लागत नव्हतं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "राहा."

"ऱ्हासू," अक्का म्हणाल्या, जणू दळणाला जाऊ का विचारलं होतं. मग पदराने नाक पुसून घाईघाईने बोलल्या, "पोळीले लिंबूना वास का ई रायना?"

लताबाई हसायला लागल्या ते थांबेचनात. छातीवर सहा महिने ठेवलेला दगड कुणीतरी उचलून हौदाच्या कट्ट्यावर ठेवला होता. घागरीखाली लावायला बरा होता तो!

"पण अक्का, खऱ्या घागरीचं काय? बारा वाजत आले. आबांना पाणी तर द्यायला हवं."

"तो तोटीवाला माठ आन. नवा घरमा उनात ते नवी रीत शिकतीन!"

"माठ कुठे आहे?"

"रुपचंदजोडे."

"आणि हे कुठे आहेत?"

 साडेनऊला लागलेली न्हाणीघराची कडी नंतर कुणीच उघडलेली ऐकली नव्हती! दोघी धावतच मागच्या दाराशी आल्या. हौदाच्या कट्ट्यावर घागर शांतपणे गुणगुणत होती. न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून एक डोळा बाहेर पाहत होता, आणि डोळ्याच्या खाली पितळी तोटी.

"अक्का!" आतून बारीक आवाज आला. "गयात का व त्या?"

अक्कांनी कंबरेवर हात दिला आणि सगळ्या देवपुराला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"कोनीच गयं नही! समदा ऱ्हावाना शेतस! तूबी बाहेर ये!"